घरातला ताप : औषध केव्हा, डॉक्टर केव्हा?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका डॉक्टरांनी केलेले भाषण)





चिटणीस साहेबांनी मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलण्यास सांगितले. हा विषय समुद्राएवढा आहे. मी त्यातली एकच ओंजळ घेणार आहे, ती म्हणजे ताप.

प्रथम माझ्याच घरची चूक सांगतो. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला. पत्नीने पॅरासिटामॉलचे सिरप पाजले. तासाभराने मी दवाखान्यातून आलो आणि न विचारता पुन्हा पाजले. सुदैवाने काही बिघडले नाही, पण डॉक्टरच्या घरात हे घडले! त्या दिवसापासून आमच्या घरी औषधाची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली जाते.

ताप हा स्वतः रोग नव्हे. शरीर जंतूंशी लढत असल्याची ती खूण आहे. हात लावून अंदाज करू नका. घरात थर्मामीटर ठेवा. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक म्हणजे ताप. पण आकड्यापेक्षा मुलाकडे पाहा. 102 ताप असूनही मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर घाबरू नये. 100 अंशांवरही मूल मलूल पडून असेल, तर मात्र काळजी करावी.

गोधड्यांवर गोधड्या घालू नका, त्याने उष्णता कोंडते. बर्फाचे पाणी किंवा स्पिरिटही अंगाला लावू नका. पातळ सुती कपडे, मोकळी हवा आणि भरपूर पेय द्यावे : पाणी, पेज, ताक, शहाळे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. रमजानात ताप आला तर आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणानेच दिली आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी तरुणांना सांगावे.

औषध आकडा उतरविण्यासाठी नाही, त्रास कमी करण्यासाठी द्यावयाचे असते. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात : दर किलोला 15 मिलिग्रॅम. म्हणजे 10 किलोच्या मुलाला एका वेळी 150 मिलिग्रॅम. दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि 24 तासांत चारहून अधिक मात्रा नकोत. बाटल्या मात्र वेगवेगळ्या असतात. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असेल तर हे औषध 6 मिलिलिटर होते, 250 असेल तर 3 मिलिलिटर. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. सर्दीच्या औषधातही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, तेव्हा दोन्ही एकदम देऊ नका. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड तर 12 वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात 2011 पासून बंद आहे. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक गोळीही देऊ नका. विषाणूंच्या तापावर तिचा उपयोग होत नाही.

आपल्या कोकणात पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि शेतातल्या चिखलपाण्यातून होणारा लेप्टो असतो. अशा वेळी पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणखी एक ध्यानात ठेवा : डेंग्यूचा खरा धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो. ताप गेला, पण पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, हातपाय गार पडतात, तर तसेच इस्पितळ गाठा.

आता थांबू नये असे प्रसंग ऐका. तीन महिन्यांखालील बाळाला ताप, धाप लागणे, मान ताठ होणे, दाबूनही न जाणारे पुरळ, आठ तास लघवी न होणे, हाक मारूनही नीट जागे न होणे. यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी निघावे. तीन दिवसांत ताप हटला नाही तर रक्त तपासून घ्यावे. पावसाळ्यात तेवढेही थांबू नये. झटके आले तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा. पहिल्यांदाच झटका आला असेल, किंवा तो पाच मिनिटांत थांबला नाही, तर ताबडतोब इस्पितळ.

भगिनींनो, आपल्या पुष्कळ घरांत कर्ता पुरुष कुवेत-दुबईला असतो. “त्यांना फोन लागू दे, मग ठरवू,” म्हणून पहाटेपर्यंत थांबलेल्या माता मी पाहिल्या आहेत. ताप फोनची वाट पाहत नाही. मुलाजवळ जी आहे, तिनेच निर्णय घ्यावा. आणि परदेशातल्या बंधूंनो, तसा निर्णय घेण्याची मोकळीक तिला आजच देऊन ठेवा, घरात थोडे पैसेही बाजूला ठेवा.

विद्यार्थी मित्रहो, ज्या घरात दादीला बाटलीवरची अक्षरे वाचता येत नाहीत, त्या घरात ती तुम्ही वाचायची. औषधाचे नाव, ताकद, मुदत आणि दिल्याची वेळ वहीत लिहा. शिक्षणाचा उपयोग परीक्षेपुरता नसतो. एखाद्या रात्री तुम्ही वाचलेली एक ओळ तुमच्या धाकट्या भावंडाचा जीव वाचवू शकेल.