मेहुण्यांची एकचाकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु चिटणीसबाईंनी 'परदेशात काय पाहिलेत ते सांगा' असा आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. मी परदेश पाहिला तो धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी गेले तेव्हा, २०१८ च्या जूनमध्ये. आई हयात नाही, तेव्हा आईच्या जागी मी. गाव कॅनडातील नॉर्थ व्हँकुव्हर. एका अंगाला समुद्राची खाडी आणि दुसऱ्या अंगाला घरांच्या मागूनच चढत गेलेले डोंगर. तिथल्या इमारती, दुकाने यांचे वर्णन तुम्ही पुष्कळांकडून ऐकले असेल. मी सांगणार आहे ते एका सायकलीविषयी.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवीत होते, तो खिडकीतून मेहुणे जाताना दिसले. कमरेपासून वर नेहमीसारखेच. परंतु चालत नव्हते, जणू तरंगत होते. बाहेर येऊन पाहते तो खाली एकच चाक! ना पुढचे चाक, ना हँडल. डोक्यावर हेल्मेट, नडग्यांना आणि मनगटांना जाड पट्टे बांधलेले. मला जत्रेतली सर्कसच आठवली. बहीण हसून म्हणाली, "ताई, ते डोंगरावर चालले आहेत."

माझ्या पोटात गोळा आला. बहिणीला आठवा सरत आलेला. परक्या मुलखात यांचा पाय मोडला तर माझ्या एकटीच्याने दोघांचे कसे निभावणार? बरे, मेहुण्यांना तोंडावर बोलण्याची सोय नाही. चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी भाजी चिरता चिरता बोलून गेलेच. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, रविवारी माझ्याबरोबर चला. आधी पाहा, मग काय ते सांगा."

रविवारी बहिणीजवळ शेजारीण बसली आणि आम्ही माउंट फ्रॉम नावाच्या डोंगरावर गेलो. सीडरची झाडे एवढी उंच, की मान दुखू लागते. खाली शेवाळ, नेचे, ओले खडक आणि पायवाटेवर सापासारखी पसरलेली मुळे. जिथे चिखल किंवा ओढा, तिथे लाकडी फळ्यांचे अरुंद पूल. या वाटा राखण्यासाठी सायकलवाल्यांची एक संस्था १९९७ पासून आहे. सुटीच्या दिवशी बायका-पुरुष फावडी घेऊन येतात आणि स्वतःच्या हातांनी चर खणतात, दगड बसवतात. अगदी आपल्या मंडळासारखेच, फक्त तिथे हळदीकुंकू नसते.

मेहुणे पुढे, मी काठी घेऊन मागे. त्यांनी मला यंत्र समजावून सांगितले. आपल्या सायकलीला फ्रीव्हील असते, उतारावर पाय थांबवले तरी ती आपली आपण पळते. एकचाकीला चेन नाही नि फ्रीव्हीलही नाही. पायडल सरळ चाकालाच जोडलेले, त्यामुळे चढावर, उतारावर पाय फिरतेच ठेवावे लागतात. तोल पुढे गेला की चाक झपकन अंगाखाली आणायचे, मागे गेला की आवरायचे. मुले तळहातावर झाडू उभा धरून नाचवतात ना, तसेच. फक्त इथे झाडूच्या टोकावर आपण स्वतः! एका हाताने सीटच्या पुढची मूठ धरायची, दुसरा हात मोकळा ठेवायचा. सीटखाली ब्रेकही होता. टायर चांगला जाड. कॅनडातलेच क्रिस होल्म नावाचे गृहस्थ लहानपणी रस्त्यावरच्या एका कलावंताला एकचाकीवर बसून व्हायोलिन वाजविताना पाहून या नादाला लागले, आणि पुढे त्यांनी डोंगरात टिकतील अशा मजबूत एकचाकी काढल्या. मेहुण्यांची त्यांपैकीच.

एका मुळाशी ते पडले. मी "अगं बाई!" म्हणून किंचाळले. परंतु पडले म्हणजे काय, तर पायांवर उतरून दोन पावले धावले. सायकल मागे राहिली. समोर हँडलच नसल्यामुळे त्यावरून उलटून तोंडावर आपटण्याची भीती नाही. अशा वेळी पायडलचा फटका नडगीला बसतो, त्यासाठी ते पट्टे. मागे वळून त्यांनी पुन्हा तेच मूळ धरले. तीनदा पडले, चौथ्यांदा पार झाले.

पुढे एक पूल आला. फळ्या ओल्या आणि पुलाच्या शेवटी माझ्या छातीएवढी खोल उडी. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा मेहुणे खाली उतरून, एकचाकी खांद्यावर टाकून बाजूच्या वाटेने चालत होते. म्हणाले, "हे मला जमत नाही, ताई. एखादे दिवशी जमेल." भगिनींनो, माझी भीती त्या ठिकाणी गेली.

तिथे ओंडक्यावर बसून पोह्यांचा डबा उघडला, आणि कधी कोणाला न सांगितलेले मी बोलले. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा दोन कोसांवर. वडिलांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून मी चोरून सायकल शिकले होते. आईने पाहिले आणि म्हणाली, "पडलीस, हातपाय मोडलास, तर तुला करून कोण घेईल?" सायकल भावाला मिळाली. मी चुलीशी राहिले. धाकटीच्या वेळी मीच माहेरी जाऊन भांडले, तेव्हा तिला सायकल मिळाली. ती इंजिनीयर झाली. आईचा मी राग धरला नाही. परंतु चार दिवस स्वयंपाकघरात मी मेहुण्यांविषयी जे मनात म्हणत होते, ते आईचेच शब्द होते.

मेहुणे काहीच बोलले नाहीत. त्या जुलैत त्यांनी मला एक बातमी मात्र वाचून दाखवली. एड प्रॅट नावाचा इंग्रज मुलगा १९ व्या वर्षी, २०१५ साली घरून निघाला आणि एकचाकीवर पृथ्वीप्रदक्षिणा करून तीन वर्षांनी परतला. सुमारे २१,००० मैल. रस्त्यासाठी चाक मोठे लागते, त्याचे ३६ इंची होते; एका फेऱ्याला साधारण साडेनऊ फूट. वाटेत त्याने गरीब मुलांच्या शाळेच्या दप्तरांसाठी पैसे गोळा केले. मला त्याच्या आईचे फार वाटले. कॅनडातच, नोव्हा स्कोशियात, २००८ साली ८०० किलोमीटरची एकचाकीची शर्यत झाली, तिघातिघांचे संघ पाळीपाळीने चालवीत, असेही ते म्हणाले.

एके दिवशी घरामागच्या गल्लीत त्यांनी लहान, २० इंची एकचाकी कुंपणाला टेकवून ठेवली. मी पंजाबी ड्रेस घालून, कुंपण धरून बसले. बहीण पोट धरून हसत होती. मीच तिला दरडावले, की इतके हसू नकोस. सोळा दिवस रोज अर्धा तास. सतराव्या दिवशी कुंपण सोडून चाकाचे तीन फेरे गेले. त्यानंतर बाळ आले, आणि कुंपणाकडे पाहायला सवड कोणाला?

परत आल्यावर मी यजमानांना सांगून एक जुनी लेडीज सायकल घेतली. दोन चाकांची! दूध आणायला रोज तिच्यावरूनच जाते, तुम्ही पाहिलेच आहे, काहीजणी हसलातही. येत्या सोमवारपासून पहाटे साडेपाचला मी ती घेऊन शाळेच्या मैदानावर उभी राहणार आहे. सायकल एकच आहे, तेव्हा पाळी लावावी लागेल. शिकायचे असेल त्यांनी अंधार आहे तोवरच यावे, आणि साडी नको, पंजाबी ड्रेस घाला.