पुरावा कोणाच्या मुलांचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आरोग्याचा प्रश्न निघाला की चळवळीच्या मागण्या ठरलेल्या असतात : दवाखाने हवेत, डॉक्टर हवेत, औषधे हवीत. या मागण्या न्याय्यच आहेत. परंतु दवाखान्यात पोचलेल्या गरिबाच्या मुलावर होणारा उपचार योग्य आहे हे कोणी, कोठे आणि कोणाच्या मुलांवर तपासून ठरवले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पूर्व आफ्रिकेतील एका संशोधनाने तो विचारणे भाग पाडले आहे.

तापाने फणफणलेले, हातपाय गार पडलेले, शुद्ध हरपत चाललेले मूल तातडीच्या विभागात आणले जाते. रक्ताभिसरण मंदावले आहे, तेव्हा शिरेवाटे द्रव भराभर सोडावा म्हणजे ते सुधारेल, हा विचार सरळ आणि पटण्याजोगा होता. श्रीमंत देशांत तो शिरस्ता बनला. त्याच्या समर्थनार्थ नेहमी दिला जाणारा एक दाखला म्हणजे अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. त्यात मुले होती अवघी ३४, आणि तीही अतिदक्षता विभागाची सोय लाभलेली.

ज्या रुग्णालयांत कृत्रिम श्वसनाचे यंत्र नाही, तेथे हा शिरस्ता कितपत उपयोगी, हे कॅथरिन मेटलंड आणि त्यांच्या आफ्रिकी सहकाऱ्यांनी २००९ साली तपासावयास घेतले. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांतील सहा रुग्णालये निवडली गेली. ‘फीस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीच्या मुख्य भागात ३,१४१ मुले होती. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात हिवतापाचे जंतू होते. कोणते मूल कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे ठरले. एका गटाला अल्ब्युमिन व दुसऱ्याला सलाईन भराभर दिले गेले. तिसऱ्याला असा जलद द्रव दिला नाही. प्रतिजैविके, हिवतापाची औषधे आणि गरजेप्रमाणे रक्त मात्र सर्वांनाच मिळाले.

जलद द्रवाने मुले वाचतील, अशी संशोधकांची अपेक्षा होती. घडले उलट. ४८ तासांत अल्ब्युमिनच्या गटातील १०.६ टक्के, सलाईनच्या गटातील १०.५ टक्के आणि जलद द्रव न दिलेल्या गटातील ७.३ टक्के मुले दगावली. म्हणजे ज्या उपचाराला जीवदान समजले जात होते, त्याने दर शंभरांमागे तीन मुले अधिक मृत्युमुखी पडत होती. जानेवारी २०११ मध्ये देखरेख समितीच्या शिफारशीवरून मुलांची भरती थांबविण्यात आली. फुप्फुसांत पाणी साचून हे मृत्यू झाले असावेत, असा पहिला तर्क होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मात्र अधिकचे मृत्यू मुख्यतः रक्ताभिसरणच कोलमडल्याने झाल्याचे दिसले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो समाजवाद्यांनी गंभीरपणे घ्यावयास हवा : गरिबांच्या मुलांवर प्रयोग का? मूल अत्यवस्थ असताना अनेकदा पालकांची तोंडी अनुमती घेऊन लेखी संमती मागाहून घेण्यात आली, हे खरे आहे. अशा तडजोडीवर समाजाची करडी नजर असलीच पाहिजे. परंतु न तपासलेला उपचार सरसकट सर्व मुलांवर करणे हाही प्रयोगच होय. तेथे नोंद नसते, देखरेख समिती नसते आणि तो थांबविण्याचा अधिकारही कोणाकडे नसतो. गरिबांच्या मुलांना संशोधनाबाहेर ठेवल्याने ती सुरक्षित होत नाहीत. त्यांचे मरण केवळ बेहिशेबी होते.

निष्कर्षाचा विपर्यासही होऊ नये. जुलाबाने शरीर कोरडे पडलेल्या मुलांना या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांना जलसंजीवनी वा शिरेवाटे द्रव देणे आजही जीवदायीच आहे. प्रश्न द्रवाचा नसून, कोणत्या मुलाला, किती आणि किती वेगाने, या विवेकाचा आहे.

हा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तातडीच्या बालोपचारासंबंधीच्या सुधारित सूचना आल्या २०१६ साली. मंदावलेल्या रक्ताभिसरणाची एक-दोनच लक्षणे असलेल्या मुलांना जलद द्रव देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. पाच वर्षे! रूढी केवळ देवळात असते असे नाही. ती पांढऱ्या कोटातही वावरते.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘सलाईन लावले म्हणजे उपचार झाला’ ही समजूत खोल रुजलेली आहे, आणि तिच्यावर कित्येकांचा धंदा चालतो. ही समजूत दूर करणे हेही कार्यकर्त्याचे काम आहे. आफ्रिकेतील या रुग्णालयांत चाचणीपूर्वी कर्मचाऱ्यांना अत्यवस्थ मूल रांगेतून आधी ओळखण्याचे व त्याच्यावर तत्काळ उपचार करण्याचे शिक्षण दिले गेले होते. आणि जलद द्रव न दिलेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण आधी धरलेल्या अंदाजाहून कमी निघाले. म्हणून प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात असे शिकलेली परिचारिका, प्राणवायू आणि वेळेवर रक्त मिळाले पाहिजे. त्याबरोबरच सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक रुग्णालयांत, सार्वजनिक देखरेखीखाली संशोधन झाले पाहिजे. ३४ मुलांवरून काढलेला निष्कर्ष ३,१४१ मुलांनी खोडून काढला. पुराव्यातही गरिबांना त्यांचा वाटा मिळावा, ही मागणी आता चळवळीच्या जाहीरनाम्यात आली पाहिजे.