दहा राग आणि एक चंदेरी डबा



१९८२ साली, आपण रांगत होतो तेव्हा, मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातला हा माणूस. रेकॉर्ड फारशी खपली नाही. त्यातलं टीबी-३०३ खरं तर गिटारवाल्यांना बेसची साथ द्यायला केलेलं. सोळा घरांत सूर भरायचे, ते फिरत राहतात; आम्ही प्रोग्रामर त्याला लूप म्हणतो. पाच वर्षांनी त्याच यंत्रावर शिकागोत ॲसिड हाउस घडलं. तिथल्या पोरांनी सिंगांना ऐकलं असेल, असं मला वाटत नाही. पण आधी कोण, हे तारखेवरून दिसतंच. २०१० साली रेकॉर्ड पुन्हा निघाली, सत्तरीतल्या सिंगांना परदेशातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

बाई, सांताक्रूझच्या शाळेत तुम्ही पेटीवर शिकवलेला भूपही त्यात आहे. जेवणानंतर ऐकवते.