जुन्या विमानाची वंशावळ

श्रोतेहो, मी पालघरचा एक निवृत्त शाळामास्तर. विमान चालविणें मला ठाऊक नाहीं. परंतु गेल्या वर्षीं बोईसरच्या एका माजी विद्यार्थ्यानें माझ्यापुढें एक जुनें छायाचित्र ठेविलें आणि विचारलें, "गुरुजी, माझे चुलते ज्या विमानाशेजारीं उभे आहेत, त्याचें पुढें काय झालें?"

विमानाची जात ओळखणें कठीण नव्हतें. पंखांची एकच जोडी, तीही खालच्या अंगास. एकामागें एक दोन आसनें. शेपटाखालीं लहानसें चाक. तें 'एच. टी. २' होतें. कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत तें घडलें व १९५१ च्या ऑगस्टांत प्रथम उडालें. तोंपर्यंत आपले वैमानिक कापडानें मढविलेल्या, दुहेरी पंखांच्या विलायती टायगर मॉथवर धडे गिरवीत. हें स्वदेशी शिकाऊ विमान पुढें घानाच्या हवाई दलासही मिळालें.

जात कळली, परंतु त्या जातींतलें नेमकें कोणतें? विमानास दोन क्रमांक असतात. एक हवाई दलानें अंगावर रंगविलेला, दुसरा कारखान्यानें धातूच्या पट्टीवर उठविलेला. माझा विद्यार्थी तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रें दुरुस्त करतो. तो लगेच म्हणाला, "रंग बदलतो, पट्टी पाहावी." खरें आहे, पण एंजिन बदलतें, एका विमानाचा पंख दुसऱ्यास बसवितात. म्हणून पट्टीलाही नोंदवहीची साक्ष लागते. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाची जात, क्रमांक आणि लागलेला वेळ वैमानिक आपल्या वहींत लिहितो.

छायाचित्रांत क्रमांकाचे शेवटचे आकडे चुलत्यांच्या खांद्याआड गेले होते. ते वहींत सांपडले असते. परंतु घर बदलतांना ती वही रद्दींत गेली होती. आमचा शोध तेथेंच थांबला. विद्यार्थी बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

श्रोतेहो, एक जुनें टायगर मॉथ दुरुस्त होऊन २०१२ च्या हवाई दल दिनीं पुन्हा आकाशांत उडालें. लोखंड-लांकूड जुळवितां येतें. हरवलेली नोंद जुळवितां येत नाहीं. आपल्या घरच्या पेटींत अशी एखादी वही असेल, तर रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं ती एकदां उघडून पाहा, आणि छायाचित्रांच्या पाठीवर नांव व साल आजच लिहून ठेवा.