फॉर्मवरील इंग्रजी : एका शब्दाचा फरक

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. कला शाखेचा पदवीधर असल्याने इंग्रजीशी ओळख होती. परंतु वरवर सारखे दिसणारे इंग्रजी शब्द व्यवहारात किती वेगळे असतात, हे मला काउंटरवर बसल्यावरच समजले.

एकदा एक भगिनी घाईघाईने आल्या. पती दवाखान्यात अत्यवस्थ होते. खाते दोघांच्या नावाचे, पण 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' या प्रकारचे. म्हणजे पहिले नाव ज्याचे, तो हयात असेपर्यंत पैसे त्याच्याच सहीने निघणार. दुसऱ्याला अधिकार त्याच्या पश्चात. तेच खाते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असते तर दोघांपैकी कोणाच्याही सहीने पैसे मिळाले असते. अखेर आमचे अधिकारी दवाखान्यात गेले आणि साक्षीदारांसमक्ष पतीचा अंगठा घेऊन आले. पैसे मिळाले, पण गरजेचा दिवस निघून गेला. खाते उघडताना त्या रकान्यात खूण कोणी केली, हे त्यांना आठवतही नव्हते.

दुसरी जोडी 'विटनेस' आणि 'गॅरंटर' यांची. दोघेही कर्जाच्या कागदावर सही करतात. विटनेस म्हणजे साक्षीदार. सही आपल्यासमोर झाली, एवढेच तो सांगतो. गॅरंटर म्हणजे जामीनदार. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्राने हप्ते थकवले की नोटीस आपल्या दारी येते. "नुसती सही कर," असे कोणी म्हटले, तर ती कोणत्या शब्दाखाली करायची ते आधी विचारा.

विद्यार्थ्यांनो, 'एलिजिबल' आणि 'एन्टायटल्ड' यांतही असाच फरक आहे. एलिजिबल म्हणजे अर्ज करण्यास पात्र. निवड अजून व्हायची असते. त्या भरवशावर उसनवारी करू नका. एन्टायटल्ड म्हणजे हक्कदार. तेथे विनवणी नको, हक्काने मागा.

बंधू-भगिनींनो, शब्दकोशात दोन शब्दांपुढे एकच मराठी अर्थ दिसला तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. न समजलेल्या शब्दाखाली सही करू नका. विचारण्यात कमीपणा नाही. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर मी विहारात असतो. फॉर्म घेऊन या, आपण मिळून वाचू.

जयभीम!