डॉक्टरच्या आधी भेटणारी माणसं



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातलं कुणी शाळेत शिकवेल, कुणी वसतिगृह सांभाळेल, कुणी पोलीस भरतीच्या मुलांचा धावण्याचा सराव घ्यायला मैदानावर उभं राहील, कुणी पेंचच्या जंगलात गाईड होईल. कुठेही गेलात तरी पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा तुम्हाला भेटेलच. खिशात खर्र्याची पुडी असेल, आणि शनिवारी मित्रांसोबत दारूही सुरू झालेली असेल. डॉक्टरच्या आधी तो तुम्हाला भेटणार आहे. त्या भेटीची तयारी तुम्हाला कुणी शिकवली आहे का?

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार तेव्हा देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पीत होते, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळत होते. बाकीचे पानठेल्यावर, खाणीच्या पाळीत, आपल्याच घरात असतात. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत.

म्हणून मला गोव्यातला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवलं. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणारे 377 पुरुष निवडले. काहींना नेहमीचे उपचार मिळाले, काहींना त्यासोबत या समुपदेशकांच्या जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवरचे 26 टक्के लोक धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, बैठका झालेल्यांपैकी 36 टक्के. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही 1986 पासून हेच दिसतं. स्वतः व्यसनातून सुटलेली कितीतरी माणसं तिथे दुसऱ्यांना सावरतात.

असं बोलणं शिकता येतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. “किती ढोसतोस रे?” म्हटलं की पोरगा तोंड फिरवतो. त्याऐवजी विचारा, “मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी घेतलीस? त्या दिवशी काय झालं होतं? सोडावंसं वाटतं का कधी?” आणि मग गप्प राहून ऐका. उपदेश घरी भरपूर झालेला असतो.

काही गोष्टी मात्र जिवावर बेततात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर थरथर सुटते, भास होतात, झटके येतात, मृत्यूही येऊ शकतो. म्हणून त्याला खोलीत कोंडू नका, दवाखान्यात न्या. त्याला न सांगता चहात दारू सोडवण्याचं औषध मिसळू नका, तेही घातक आहे.

26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. फेरी निघते, घोषणा होतात, फोटो निघतात, आणि 27 जूनला त्या पोरग्याशी बोलणारं कुणी नसतं. याची मला मनापासून चीड येते. म्हणून प्राचार्यांना माझी विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात दोन दुपारी अशा बोलण्याच्या सरावासाठी राखून ठेवा. एकाने पिणारा व्हावं, दुसऱ्याने विचारणारा, आणि बाकीच्यांनी चुका दाखवाव्यात. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक जवळ कुठे आहे, 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर काय सांगायचं, हे सगळ्यांना तोंडपाठ हवं. आणि आज पदवी घेणाऱ्यांनो, त्या दोन दुपारी शिकवायला तुम्ही या.