कापडाखालचं लाकूड

  आज आम्ही विमानाबद्दल बोलणार आहोत. दचकू नका. हे विमान सुताराच्या आणि शिंपिणीच्या हातचं आहे. आणि त्याच्या पंखांबद्दल बोलता बोलता आपण आपल्या घराच्या माळवदापर्यंत येणार आहोत.

उन्हाळ्यात येलदरीच्या बाजूला घार तरंगताना तुम्ही पाहिली असेल. पंख न हलवता, गरम हवेच्या झोतावर ती गोल गोल वर चढते. तसंच इंजिन नसलेलं विमान असतं, त्याला ग्लायडर म्हणतात. पुण्याला हडपसरमध्ये ग्लायडिंग सेंटर आहे. तिथं जमिनीवर विंच नावाचं यंत्र असतं. ते लांब तार भराभर गुंडाळतं आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. वर गेलं की तार सोडून देतात. पुढची सगळी मदार पंखांवर.

आपल्या देशात सरकारच्या नागरी विमान खात्याने जी ग्लायडर तयार केली, त्यांची नावं ऐका: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. ज्या नक्षत्रांवर आपण पेरणीचा हिशोब धरतो, तीच ही नावं. यातल्या रोहिणीची रचना एस. राममृतम यांनी केली. तिचं पहिलं उड्डाण १० मे १९६१ रोजी झालं. शिकवणारा आणि शिकणारा दोघं शेजारी शेजारी बसतील अशी ही लाकडी रोहिणी. तिचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १६.५ मीटर, म्हणजे ५४ फूट.

असा जुना लाकडी पंख आतून कसा असतो? मधून एक लांब, मजबूत लाकूड जातं. ती पंखाची तुळई. तिला आडव्या, पातळ लाकडी बरगड्या चिकटवलेल्या असतात. पुढच्या कडेला पातळ प्लायवूड आणि मागच्या भागावर ताणून बसवलेलं कापड. उडताना पंख वरच्या बाजूला वाकतो. कावड खांद्यावर घेतली की दांडी वाकते, तसंच. अशा वेळी तुळईची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते.

आता हा पंख खराब कशाने होतो ते पाहू. पहिलं कारण पाणी. पंखाच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती धुळीने बुजली की ओल आतच राहते. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशी धरायला लागते.

दुसरं कारण सरस, म्हणजे चिकटवायचा पदार्थ. तुम्हाला नवल वाटेल, पण जुन्या काळी विमानाचं लाकूड दुधाने चिकटवत असत. मलई काढलेलं दूध फाडायचं, त्यातला घट्ट भाग वाळवून भुकटी करायची, त्यात चुना मिसळायचा. कोरड्यात हा सरस पक्का धरतो. पण तो शेवटी दुधाचाच. ओल लागली की त्यालाही बुरशी लागते. पुढे कारखान्यातले रासायनिक सरस आले, पण त्यातलेही काही वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि दमटपणाने ठिसूळ होतात.

तिसरं कारण आदळणं. ग्लायडर कधी जोरात उतरलं, तर वरून काहीच दिसत नाही, पण तुळईच्या लाकडात आडवी, केसासारखी रेघ उमटू शकते. तिथले तंतू दबून मोडलेले असतात. ताकद तिथं संपलेली असते.

या तिन्ही गोष्टी कापडाखाली असतात. वरून रंग चकचकीत दिसतो. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतल्या कान्सास राज्यात लाकडी पंखाचं एक प्रवासी विमान शेतात कोसळलं. त्यात तिथले नामांकित फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी होते. आठही माणसं गेली. पंखात ओल शिरून सरस सुटला होता, असं चौकशीत पुढे आलं. त्यानंतर लाकडी पंखांची तपासणी कडक झाली आणि कंपन्या धातूच्या विमानांकडे वळल्या.

म्हणून जुनं ग्लायडर दुरुस्तीला घेतलं की पहिलं काम उघडून बघण्याचं. मडकं विकत घेताना आपण टिचकी मारतो ना? कारागीरही प्लायवूडवर हलकेच ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर सांधा सुटलेला. छोट्या झरोक्यातून आरसा आणि बॅटरी घालून तो आतलं पाहतो. शंका आली की कापड कापतो. सुटलेला सांधा उघडल्यावर लाकडाचे तंतू तुटून आले असतील, तर सरसाने शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. पण दोन्ही लाकडं स्वच्छ सुटी झाली आणि मधे पांढरट भुकटी राहिली, तर सरस मेला. मग तो एक सांधा जोडून भागत नाही, त्याच वयाचे बाकीचे सांधेही तपासावे लागतात.

दुरुस्तीची रीतही ऐकण्यासारखी आहे. कुजलेलं लाकूड चांगलं लाकूड लागेपर्यंत काढायचं. नवा तुकडा आडवा कापून नुसता टेकवून चालत नाही. दोन्ही टोकं लांब तिरपी तासतात, साधारण १ ला १२ या प्रमाणात. लाकूड २ सेंटिमीटर जाड असेल तर उतार २४ सेंटिमीटरचा. चिकटायला जागा जास्त मिळते आणि ताण हळूहळू एका लाकडातून दुसऱ्यात जातो. नवं लाकूड सुकलेलं, बिनगाठीचं आणि सरळ रेषांचं हवं. त्याच दिवशी, त्याच सरसाने दोन फालतू तुकडेही चिकटवतात आणि सरस वाळल्यावर ते मोडून बघतात. तुकडा लाकडात मोडला तर सरस पास, जोडावर मोडला तर काम पुन्हा.

मग येतं कापड. पण परवानाधारक इंजिनिअरने आतलं काम पाहून वहीत सही केल्याशिवाय कापड चढवायचं नाही. कापड ताणून बसवतात, मेणाच्या दोऱ्याने बरगड्यांना टाके घालतात आणि वरून एक लेप देतात. तो वाळताना कापड ढोलक्याच्या कातड्यासारखं ताणलं जातं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत हे शिवणकाम हजारो बायकांनी केलं. त्यांच्या टाक्यांवर माणसं आकाशात गेली. शेवटी ग्लायडरचं वजन आणि तोल पुन्हा मोजतात, कारण दुरुस्तीच्या नावाखाली वजन वाढलं तर तोही धोकाच.

आता आपल्या माळवदाकडे या. आपल्या भागात अजून कितीतरी घरांवर लाकडी तुळया आणि वर मातीचा थर आहे. तुळईचं टोक भिंतीत असतं. ओल तिथं मुरते, वाळवी तिथंच लागते आणि आपल्याला दिसतो तो मधला धड भाग. गळायला लागलं की आपण काय करतो? वरून आणखी माती टाकतो. दरवर्षी थर वाढतो, खालचं लाकूड मात्र म्हातारं होत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि असली जड माळवदं झोपलेल्या माणसांवर पडली. हजारो जीव गेले. भूकंप रोज येत नाही, पण झडीचा पाऊस दरवर्षी येतो.

म्हणून गटांना आमचं सांगणं आहे. रोहिणी नक्षत्र लागलं की मृगाच्या आधी प्रत्येक गटाने आपल्या सदस्यांच्या घरांची एक फेरी काढावी. तुळईला काठीने ठोकून आवाज ऐकावा. भिंतीजवळच्या टोकात दाभण टोचून बघावं. सहज आत गेलं किंवा भुसा गळला, तर तिथं टेकू लावून घ्यावा, त्याखाली कुणालाही झोपू देऊ नये आणि सुताराला बोलवावं. छतावरच्या पन्हाळी मोकळ्या कराव्यात. नवी माती टाकण्याआधी जुना थर किती जाड झालाय ते बघावं आणि जाणत्या माणसाकडून तो हलका करून घ्यावा. जे दिसलं ते घर आणि तारखेसह गटाच्या रजिस्टरमध्ये लिहावं. कुणाला दुरुस्तीसाठी पैशाची नड असेल, तर अंतर्गत कर्जात तिचा नंबर आधी लावावा. लग्नाची साडी एक वेळ थांबेल, तुळई थांबत नाही.

आणि ज्या घरात वरून नुकतंच लिंपून, रंग देऊन सगळं छान दिसतंय, तिथं आधी जा.